फाट्यावरच उतरा
बाजाराच्या दिवशी विसरवाडीत थोडा वेळ उभे राहिलात, तर पाड्यांवरून पायी येणाऱ्या बाया दिसतील: डोक्यावर टोपली, कडेवर मूल आणि गप्पा अखंड चालू. पावलं मोजायची वेळ आली आहे ती आपल्यावर, पावशेर मिरच्यांसाठीही मोटारसायकलला किक मारणाऱ्यांवर. दिवसाला दहा हजार पावलांच्या आकड्याला घाबरू नका. तो १९६५ साली जपानात विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला. २०१९ साली अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांच्या अभ्यासात तर दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांना मृत्यूचा धोका बराच कमी आढळला. म्हणून नवापूरहून येताना रिक्षा दारापर्यंत नेऊ नका, फाट्यावरच उतरा. दूध आणि दळण पायी आणा. गिरणीतून पिठाचा कोमट डबा या हातातून त्या हातात घेत घरी येण्यात मला फार सुख वाटतं. फोन आला की ओट्यावर न बसता अंगणात फेऱ्या घाला. फक्त धुळे-सुरत महामार्गाच्या कडेने चालू नका, ट्रकांचा भरवसा नाही. गावातली गल्ली नाहीतर शेताकडची वाट धरा.