फोर्कलिफ्टचा कोड आणि आपले कारागीर

भिवंडीच्या गोदामांत फोर्कलिफ्ट आणि बूम लिफ्ट दिवसरात्र राबतात. त्यांच्या दुरुस्तीवर आपल्यातील अनेक कारागिरांची चूल पेटते. इंजिनाच्या आवाजावरून दोष सांगणारे उस्ताद आजही आहेत, त्यांच्या हुनराबद्दल शंकाच नाही. पण एप्रिल २०२१ पासून अशा यंत्रांच्या ३७ किलोवॅट व त्यावरील डिझेल इंजिनांना धुराचे कडक नियम लागू झाले आणि इंजिनाचा कारभार बराचसा कॉम्प्युटरच्या हाती गेला. आता इंजिन बिघडले की पडद्यावर आकडे उमटतात आणि येथेच आपले गाडे अडते.

बहुतेक यंत्रांत हा कोड दोन आकड्यांचा असतो. एसपीएन हा आकडा तक्रार कोठली ते सांगतो, एफएमआय कशा प्रकारची ते सांगतो. एसपीएन १०० म्हणजे ऑईल प्रेशर, ११० म्हणजे कूलंटचे तापमान. आमचे बरेच मेकॅनिक पहिलाच आकडा वाचतात व थांबतात. वास्तविक सारी मेख दुसऱ्यात आहे! १०० सोबत १ आला तर प्रेशर खरोखरच धोक्याइतके उतरले आहे, इंजिन तत्काळ बंद करावे. १०० सोबत ३, ४ किंवा ५ आला तर तक्रार विजेची आहे: वायर शॉर्ट, तुटलेली, कनेक्टर सैल किंवा सेन्सर खराब. पहिल्या प्रसंगी कोड पुसून गाडी पुन्हा कामाला लावणारा बेअरिंग जाळतो. दुसऱ्या प्रसंगी ऑईल पंप उघडणारा गिऱ्हाईकाचे पैसे आणि स्वतःचा दिवस, दोन्ही वाया घालवतो.

एकदम तीन-चार सेन्सरचे कोड आले तर तीन-चार सेन्सर आणायला धावू नये. अनेक सेन्सरांना एकाच लाईनने ५ व्होल्ट मिळतात. ती एका ठिकाणी घासून शॉर्ट झाली की सगळेच ओरडतात. त्याआधी बॅटरी आणि अर्थ तपासावेत. आणि कंट्रोल बॉक्सच आपसांत बोलत नसतील तर बॅटरी सोडवून कॅनच्या दोन तारांमध्ये मीटर लावावा. साधारण ६० ओहम दाखवले तर ठीक, १२० दाखवले तर एका टोकाचा रेझिस्टर किंवा तार तुटलेली आहे. एवढ्या कामाला हजारांचा स्कॅनर लागत नाही, साधा मीटर पुरतो.

सेन्सर बदलून कोड गेला नाही, म्हणून दुसरा बदलला, आणि बिल मात्र दोघांचे लावले, असे प्रकार आपल्याच बाजारात घडतात. गिऱ्हाईक गप्प बसते व पुढच्या वर्षी कंपनीशी करार करते. मग आम्ही म्हणतो, कंपन्यांनी धंदा खाल्ला. कंपन्याही निर्दोष नाहीत. कित्येक ठिकाणी कोडचे पुस्तक मालकालाही मिळत नाही. लाखोंचे यंत्र विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यांनी सौदा करतानाच ते पुस्तक लेखी मागून घ्यावे. नंतर मागितले तर कोणी देत नाही.

कारागीर बंधूंनी निदान एक वही ठेवावी. कोणते यंत्र, कोणता कोड, तो चालू होता की पूर्वी येऊन गेलेला, आणि शेवटी काय निघाले, एवढे लिहावे. कोड पुसण्यापूर्वी लिहावे, कारण पुसल्यावर तो परत सांगायला येत नाही. शागिर्दाला पाना धरायला शिकवतो त्याच दिवसापासून ही वही त्याच्या हाती द्यावी.