कारणाची चिठ्ठी

आम्हा बँकवाल्यांच्या नावानं खुशाल बोटं मोडा. पण चेक परत करताना आम्ही कारणाची चिठ्ठी जोडतो. 'सही जुळत नाही', 'शिल्लक अपुरी'. गिऱ्हाईक चिडतं, पण कारण कळून चिडतं! संगणकावरच्या मेलच्या प्रोग्रॅममधून पत्र गेलं नाही, की हाती काय पडतं? 'झीरो एक्स ८०० सीसीसी झीरो ई'. अर्थ एवढाच, की सर्व्हरशी गाठ पडली नाही. वर सल्ला : अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला भेटा. आमच्या घरच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणाल्या, "आधी दळण आणा."

१९८२ साली जॉन पोस्टेलनं मेल पाठवण्याचे नियम लिहिले, तेव्हा सर्व्हरच्या उत्तरातला आकडा यंत्रासाठी आणि पुढचं वाक्य माणसासाठी, अशी सरळ वाटणी केली होती. हल्लीचे प्रोग्रॅम मला बहुधा यंत्र समजतात.

येणारी पत्रं येतात, जाणारी जात नाहीत, कारण दोन्हींच्या खिडक्या वेगळ्या. पाठवणीची जुनी २५ नंबरची खिडकी फालतू मेलच्या सुळसुळाटामुळे बऱ्याच इंटरनेट कंपन्यांनी लावून घेतली आहे. आता ५८७ किंवा ४६५. हे सांगायला काय जातं? "इथं नाही, पलीकडच्या खिडकीवर जा," एवढं आमचा शिपाईसुद्धा सांगतो, तेही तोंडातली तंबाखू सांभाळून!