फवारणी पंपावरचा पिवळा डाग

अकोल्याच्या बाजारपेठेतील बऱ्याच जैन घराण्यांचा शेतीशी दुहेरी संबंध असतो. शहरात अडत, जिनिंग किंवा कृषी केंद्र, आणि गावाकडे वडिलोपार्जित जमीन. ती सालदार पाहतो किंवा बटाईने दिलेली असते. त्या जमिनीच्या गोठ्यात किंवा दुकानाच्या मागच्या खोलीत पाठीवरचा, पंधरा-सोळा लिटरचा फवारणी पंप हमखास सापडतो. मूळची पांढरी किंवा निळी टाकी दोन हंगामांत ओळखू येऊ नये इतकी रंगलेली असते. मालकाला तो डाग अस्वच्छ वाटतो आणि तो सालदाराला पंप घासायला सांगतो. डाग निघत नाही, आणि मग विषय तिथेच संपतो. वास्तविक विचार तेथून सुरू व्हावयास हवा.

सर्वांत हट्टी डाग पिवळा-नारिंगी असतो व तो पेंडिमिथॅलिनचा असतो. सोयाबीन, कापूस, तूर यांच्या पेरणीनंतर तण उगवण्यापूर्वी फवारावयाचे हे तणनाशक मुळातच पिवळ्या रंगाचे आहे. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र सहज विरघळते. प्लॅस्टिकची टाकी, रबरी नळी, वॉशर हे सारे तेलाच्या जातीचे पदार्थ असल्याने हा रंग त्यांच्या पृष्ठभागावर न थांबता आत मुरतो. अमेरिकेत क्रीडांगणांच्या व बागांच्या हिरवळीवर हेच औषध वापरतात, आणि तेथील यंत्रांवरही हाच पिवळा डाग पडतो. फवारणी संपताक्षणी, औषध वाळण्याआधी, धुण्याच्या पावडरीच्या पाण्याने टाकी धुतली तर डाग बराच कमी होतो. एकदा वाळून मुरलेला डाग मात्र पुरता जात नाही. थिनर किंवा ॲसिटोन लावून तो काढण्याचा प्रयत्न करू नये. त्याने रबर फुगते व टाकीला तडे जाऊ शकतात. तीन वेळा धुतल्यानंतर शेवटचे पाणी स्वच्छ निघत असेल आणि फेसाला पिवळी छटा येत नसेल, तर उरलेल्या रंगाची फारशी चिंता करण्याचे कारण नाही.

ताम्रयुक्त बुरशीनाशकांचा हिरवट-निळा थर त्या मानाने सोपा असतो. अमरावतीकडील संत्र्याच्या बागांत बोर्डो मिश्रण नेहमीचे. त्याचा थर आणि खारपाणपट्ट्यातील पाण्याने साचणारी पांढरी खपली, दोन्ही व्हिनेगरने सुटतात. पूर्णेच्या खोऱ्यातील या पट्ट्यात विहिरीचे पाणी खारे व जड असल्याने साबणाला फेसही येत नाही. तेथे पंप धुताना पाण्यात आधी थोडा धुण्याचा सोडा टाकावा, किंवा पावसाचे साठवलेले पाणी वापरावे.

मात्र खरा धोका ज्याचा डागच पडत नाही त्याचा आहे. गव्हातील रुंद पानांच्या तणासाठी वापरले जाणारे २,४-डी हे औषध टाकीवर कोणतीही खूण ठेवत नाही. पौषात गव्हावर ते फवारले जाते, पंप साध्या पाण्याने हिसळून खुंटीला टांगला जातो, आणि आषाढात तोच पंप मावा-तुडतुड्यांच्या औषधासाठी कापसात उतरतो. नळीत, वॉशरमध्ये, गाळणीच्या जाळीत राहिलेला अत्यल्प अंश कापसाला पुरतो. या औषधाला कापूस विलक्षण हळवा आहे. काही दिवसांत नवी पाने अरुंद होतात, त्यांना बोटांसारखी टोके फुटतात आणि ती भेंडीच्या पानासारखी दिसू लागतात. झाड मरत नाही, म्हणून शेतकरी रोग समजून आणखी एक औषध नेतो. पात्या-बोंडांचे नुकसान तोवर होऊन गेलेले असते. मग बियाण्याला दोष दिला जातो, कृषी केंद्राच्या ओट्यावर भांडण होते, उधारी थकते. त्या पंपाची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

यावर पक्का उपाय एकच: तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा व त्यावर तांबड्या रंगाचा ठळक पट्टा मारावा. एका पंपाची किंमत आणि एका एकरातील कापसाची किंमत वहीत शेजारी-शेजारी मांडली की हा खर्च वाटेनासा होतो. पंप एकच असेल तर धुण्याची रीत कसोशीने पाळावी लागते. प्रथम स्वच्छ पाण्याने टाकी धुवावी व ते पाणी नळी आणि नोझलमधून बाहेर सोडावे. त्यानंतर सोळा लिटर पाण्यात सुमारे १६० मिलिलिटर घरगुती अमोनिया मिसळून टाकी काठोकाठ भरावी, थोडे पाणी नोझलपर्यंत येऊ द्यावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी ते काढून दोनदा साध्या पाण्याने धुवावे. औषध एस्टर प्रकारचे, म्हणजे तेलकट असेल, तर अमोनियाआधी थोड्या रॉकेलने किंवा डिझेलने टाकी व नळी खळबळून घ्यावी. गाळणी व नोझल सुटे करून जुन्या दातांच्या ब्रशने घासावे. छिद्रात तार किंवा टाचणी घालू नये, त्याने छिद्र मोठे होऊन फवारा बिघडतो; आणि ते तोंडाने फुंकणे तर सर्वथा वर्ज्य. कपड्यांच्या डागांसाठी मिळणारे क्लोरीनचे ब्लीच व अमोनिया एकत्र आल्यास विषारी वायू तयार होतो, म्हणून एकाच धुण्यात दोन्ही कधीही वापरू नयेत. कापसात जाण्यापूर्वी अशा पंपाने बांधालगतच्या चार-पाच झाडांवर नुसते पाणी फवारून आठवडा-दोन आठवडे पानांकडे पाहावे.

धुतलेले पाणी कोठे टाकावे, हा यातील सर्वांत अवघड प्रश्न आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत रिकाम्या बाटल्या, उरलेले औषध व धुण्याचे पाणी यांची विल्हेवाट पाणी व परिसर दूषित न होईल अशी लावण्याची तरतूद आहे. प्रत्यक्षात पंप विहिरीच्या थारोळ्यावर, हाळावर किंवा नाल्यात धुतला जातो, कारण पाणी तेथेच असते. जैन घरात पाणी गाळून पितात, आणि गाळण्याच्या कापडावरची जिवाणी ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत जपून सोडण्याची रीत अजून कित्येक घरांत पाळली जाते. त्याच कुटुंबाच्या शेतातील विहिरीवर सालदार विषाचा पंप धुतो, आणि ही विसंगती कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण धुणारा हात दुसऱ्याचा असतो. मुनींच्या पाच समित्यांपैकी पाचवी, उत्सर्ग समिती, टाकाऊ वस्तू निर्जंतुक जागी पाहून टाकावी असे सांगते. श्रावकाला ती महाव्रतासारखी बंधनकारक नसली, तरी पंपाच्या धुण्याला ती नेमकी लागू पडते. धुण्याचे पहिले पाणी पाण्याच्या साठ्यापासून दूर, ज्या शेतात तेच औषध फवारले त्याच शेतात पातळ करून फवारून टाकावे. त्यासाठी पंप घेऊन विहिरीवर जाण्याऐवजी पाण्याचा ड्रम शेताच्या धुऱ्यावर आणावा लागतो, इतकेच.

औषधविक्रीचा प्रश्न याहून जुना. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे, आणि हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याची व्याप्ती सांगताना विषाबरोबर शस्त्रे, नांगर, यंत्रे, लोखंड यांचाही समावेश केला आहे. ती यादी शब्दशः पाळायची तर आजची निम्मी बाजारपेठ बंद करावी लागेल, आणि यंत्रपीडनही त्याच पंधरांत असल्याने तेलगिरणीवालाही सुटणार नाही. ज्यांनी हा व्यवसाय सोडला त्यांचा मार्ग सरळ आहे. ज्यांचे पोट त्यावर आहे त्यांना अनर्थदंडातील प्रमादचर्या, म्हणजे निष्काळजीपणाने विनाकारण घडणारी हिंसा, तरी टाळता येते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले. त्यानंतर हातमोजे, मुखपट्टी, डब्यावरील तांबड्या-पिवळ्या त्रिकोणाचा अर्थ यांवर बरेच बोलले गेले. गळक्या, न धुतलेल्या पंपाविषयी त्या मानाने थोडे. पाठीवरून झिरपणारे औषध अंगरख्यातून कातडीत शिरते. तो अंगरखा संध्याकाळी घरातल्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजतो, आणि धुणारी बाई उघड्या हातांनी तो चोळते. फवारणीचे कपडे वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून, दोनदा धुवावेत व कडक उन्हात वाळवावेत, एवढे तरी दुकानातून औषध देताना सांगावयास हरकत नसावी.

अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि तालुक्याची कृषी कार्यालये फवारणीबाबत मार्गदर्शन करतात. पर्युषणाच्या सुमारास कपाशीवर फवारण्या चालू असतात. गावाकडे फेरी झाली तर पंपाची नळी, झाकणाची रबरी चकती व वॉशर एकदा हाताळून पाहावेत. झिजलेला वॉशर थोडक्या पैशांत मिळतो, आणि तो बदलायला सालदाराला एक स्क्रू-ड्रायव्हर व दहा मिनिटे लागतात.