केमिस्ट्रीची पदवी कपाटात, यंत्र कुलपात

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी यांनी उजेडात आणलेली ही वस्ती सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. कुंभार, सोनार आणि चुना भाजणारा यांची घरे तेथे वस्तीच्या पश्चिम कडेला सापडली, तर सधन शेतकऱ्यांची मध्यभागी. त्यावरून तेव्हाही सामाजिक अंतर होते, असे काही इतिहासकार म्हणतात. याला जात म्हणण्याची घाई करू नये. पण चुनखडी भट्टीत किती तापली म्हणजे चुना होतो, हे ज्याला ठाऊक होते तोच माणूस कडेला राहत होता. पुढे वर्णव्यवस्थेने कातडे कमावणाऱ्याला, रंगाऱ्याला अडाणी ठरवले आणि पोथी वाचणाऱ्याला ज्ञानी.

आज याच भागातील आपली मुले-मुली एम.एस्सी. केमिस्ट्री करीत आहेत. शेजारी दौंड तालुक्यात कुरकुंभची रासायनिक औद्योगिक वसाहत आहे. मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, एचपीएलसी चालवली आहे का? उत्तर येते, सरांनी लांबून दाखवली होती. जर्नल मात्र सहीशिक्क्यासह पूर्ण! आपल्या पूर्वजांच्या हातात काम होते, अक्षर नव्हते. आता अक्षर मिळाले, तर हातातले काम काढून घेतले. हा कोणता न्याय?

मी वकील आहे. म्हणून पदवीधराकडून माझी अपेक्षा थोडी वेगळी आहे. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना मंडळाचा अधिकारी घेतो, तेव्हा जलप्रदूषण कायदा १९७४ चे कलम २१ लागू होते. कारखानदाराला नोटीस द्यायची, त्याच्यासमक्ष नमुन्याचे दोन भाग करायचे, सील लावायचे, दोघांच्या सह्या घ्यायच्या. कायद्यात सांगितलेली ही रीत पाळली नाही, तर अहवाल पुराव्यात धरला जात नाही. आणि रीत पाळूनही रसायन बिघडू शकते. सीओडीचा नमुना सल्फ्युरिक आम्ल घालून थंड ठेवावा लागतो. बीओडीच्या नमुन्यात मात्र ते आम्ल घालायचे नसते. तो ताबडतोब प्रयोगशाळेत न्यावा लागतो आणि तेथे २७ अंशांवर ३ दिवस ठेवून मोजतात. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा बीओडी ३० आणि सीओडी २५० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. हे आकडे आपल्या एम.एस्सी.वाल्याला तोंडपाठ हवेत.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे अहवालातील दोन शब्द : 'आढळले नाही'. गावकरी ते वाचून घरी जातात. आढळले नाही म्हणजे पाण्यात नाही, असे नव्हे. यंत्राच्या शोधमर्यादेखाली आहे, एवढेच. ती मर्यादा किती होती? कॅलिब्रेशन कधी केले? ब्लँक घेतला होता का? उलटतपासणीत हे तीन प्रश्न विचारायचे असतील, तर वकिलाच्या शेजारी रसायनशास्त्राचा जाणकार बसलेला हवा, आणि त्याने ते मराठीत सरपंचालाही समजावून सांगितले पाहिजेत. रेणूंची रचना काढण्यात आपली मुले हुशार आहेत. ही बाजू कोणी शिकवतच नाही.

आणखी एक. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्याच एका कारखान्यातून मेफेड्रोनचा प्रचंड साठा जप्त केला. आपण फ्लास्कमध्ये काय तयार करतो आहोत, हे ओळखण्याची आणि नाही म्हणण्याची ताकद नोकरी लागण्यापूर्वीच अंगी बाणली पाहिजे.

बार्टीकडे स्पर्धा परीक्षांच्या वर्गांची मागणी आपण नेहमी करतो. प्रत्यक्ष यंत्रावरील तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाची मागणीही निवेदनात घाला. तोपर्यंत विद्यार्थ्यांनी एक काम करावे. प्रयोगशाळेत यंत्राच्या वापराची नोंदवही असते. माहिती अधिकार कायदा २००५ खाली १० रुपये शुल्क भरून अनुदानित महाविद्यालयाकडे तिची प्रत मागावी : गेल्या वर्षी हे यंत्र किती तास चालले आणि त्यांपैकी किती तास विद्यार्थ्यांच्या हातात होते. ३० दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे.