सहा वर्षं, चारशे केबी

गेल्या गुरुवारी शेजारच्या काकूंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच हाक मारली. "अगं, जरा येऊन जातेस का? लॅपटॉप टकटक करायला लागलाय. पाल बोलते ना, तसा."

हातातलं काम टाकून मी तशीच गेले. घरातला लॅपटॉप कुरकुरायला लागला की त्याची शंभर कारणं असू शकतात, पण हा आवाज आला की थांबायचं नसतं. काकूंचा लॅपटॉप नऊ वर्षांचा, त्यात जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क. आतली चकचकीत तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते आणि ती वाचणारं हेड तिच्यावरून फिरतं. दोहोंमधलं अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी. हेडला हवी ती जागा सापडेनाशी झाली की ते पुन्हा पुन्हा मागे येऊन नव्याने शोधायला लागतं. तीच ही टकटक. अशी डिस्क कधी दोन महिने रेटते, कधी एकदा बंद केली की पुन्हा उघडतच नाही.

काकू म्हणाल्या, "मुलगा दिवाळीत येतोय, तो बघेल."

"काकू, दिवाळीपर्यंत नाही निघायचा हा. आधी सांगा, यात असं काय आहे जे गेलं तर पुन्हा मिळणार नाही?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ओव्या."

काकू प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर मिरज आणि कवठेमहांकाळकडच्या गावांत फिरून त्यांनी म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. सहा वर्षांत अकराशेच्या वर. आधी वहीत लिहायच्या आणि घरी येऊन एका बोटाने टाइप करायच्या. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फुटांची आणि पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटात त्या वह्यांचा लगदा झाला. लॅपटॉप तेवढा माडीवर नेला होता, म्हणून वाचला. ज्यांनी ओव्या सांगितल्या त्यांतल्या कितीतरी जणी आता नाहीत. म्हणजे त्या ओव्यांची जगातली एकुलती एक प्रत त्या टकटक करणाऱ्या डिस्कवर होती.

फाइल उघडून आकार पाहिला. चारशे केबी. हल्लीच्या फोनवर चहाच्या कपाचा एक फोटो काढला तरी त्याची दहापट जागा जाते. माझ्या पेन ड्राइव्हवर ती फाइल उतरवायला दोन सेकंदही लागले नाहीत. लगेच तीच फाइल काकूंच्या ईमेलवरून त्यांनाच पाठवली. त्यानंतर छत्तीस जीबी फोटो बाहेर काढायला घेतले. त्याला संध्याकाळ झाली आणि मधे दोनदा डिस्क अडकली. अडकली तेव्हा मला फोटोंची काळजी वाटली, पण छातीत धडधडलं नाही. क्रम महत्त्वाचा असतो तो यासाठी. डिस्क आचके द्यायला लागली की आधी सगळ्यांत दुर्मीळ ते काढायचं, मग सगळ्यांत मोठं. आणि तिच्यावर दुरुस्तीचे, तपासणीचे प्रोग्रॅम चालवत बसायचं नाही. तिच्यात उरलेला दम वाचण्यासाठी लागणार असतो.

या सदराला येणाऱ्या पत्रांत बॅकअपचा विषय असतोच, आणि प्रश्न बहुतेक एकच: डिस्क कोणती घेऊ, सॉफ्टवेअर कोणतं टाकू? माझं कळकळीचं म्हणणं आहे की त्याआधी काकूंना विचारला तो प्रश्न स्वतःला विचारा. विंडोज पुन्हा टाकता येतं. ऑफिस पुन्हा घेता येतं. सिनेमे, गाणी कुठूनही मिळतात. सात-बारा, आयकराची पोचपावती हे खटपट केली तर पुन्हा निघतं. पण वडिलांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग, अर्धा झालेला प्रबंध, बचत गटाचा आठ वर्षांचा हिशेब, बारशाचे फोटो, हे दुसरीकडे कुठेही नसतं. एका कागदावर ही यादी करा. बहुतेक घरांत ती दहा ओळींपलीकडे जात नाही. जाताजाता 'डाउनलोड्स' या फोल्डरवरही नजर टाका. तिथे लोक बघत नाहीत, आणि कामाच्या निम्म्या पीडीएफ तिथेच पडलेल्या असतात.

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी या यादीत आणखी एक ओळ हवी. काकूंची फाइल मी माझ्या लॅपटॉपवर उघडली तर समोर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची नुसती गिचमीड. त्यांनी सगळं श्रीलिपीत टाइप केलेलं. युनिकोड रुळण्याआधीच्या या फाँटमध्ये फाइलीत खरं म्हणजे इंग्रजी अक्षरांचेच कोड साठवलेले असतात आणि फाँट त्यांना देवनागरीचा चेहरा देतो. फाँट नसला की चेहरा गेला. आकृती, कृतिदेव यांचंही तेच. तेव्हा तुमच्याकडे अशा जुन्या फाइली असतील तर त्यांच्याबरोबर फाँटच्या फाइलीही ठेवा. विंडोजच्या फोल्डरमध्ये 'फाँट्स' नावाचं फोल्डर असतं, त्यात त्या सापडतात. शिवाय एक पीडीएफ करून ठेवा, म्हणजे अक्षरं पानातच बसतात. आणि सवड काढून सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. महाराष्ट्रातल्या किती संस्थांच्या स्मरणिका आणि किती लेखकांची हस्तलिखितं या एका कारणाने वाचता येईनाशी होत असतील, या विचाराने मला खरोखर वाईट वाटतं.

"माझं सगळं गुगलवर आहे, वनड्राइव्हवर आहे," हे उत्तर मी रोज ऐकते. असू द्या, चांगलंच आहे. पण या सेवांचं मुख्य काम दोन्हीकडे सारखं ठेवण्याचं. लॅपटॉपवर फाइल पुसली की ती तिकडेही पुसली जाते. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते, मग कायमची जाते. फोनवरच्या गुगल फोटोजमधून "जागा होत नाही" म्हणून फोटो पुसणारे कितीतरी जण समजतात की वरची प्रत शाबूत आहे. ती नसते. फुकटची जागाही मोजकीच, गुगलकडे १५ जीबी आणि त्यातच ईमेल, वनड्राइव्हकडे ५ जीबी. भरली की नवं काही चढत नाही आणि त्याची सूचना कोपऱ्यात कुठेतरी येऊन जाते. विंडोज ११ मध्ये फाइलीशेजारी निळ्या रेघेचा ढग दिसत असेल तर ती फाइल तुमच्या लॅपटॉपवर नाहीच, फक्त तिचं नाव आहे. हिरवी खूण असेल तर ती इथे आहे. बाहेरच्या डिस्कवर नक्कल करायच्या आधी हे ढग बघून घ्या.

सारखं ठेवणं आणि सांभाळून ठेवणं यांतला फरक जगातल्या एका बलाढ्य कंपनीला फार महागात पडला होता. जून २०१७ मध्ये उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम एकाएकी ठप्प झालं आणि कंटेनरचे ट्रक खोळंबले. ते टर्मिनल मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहाचं. नॉटपेट्या नावाच्या हल्ल्याने तिची यंत्रणा जगभर पुसून टाकली होती. कोणाला कुठे प्रवेश द्यायचा याची नोंद ठेवणारे तिचे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते आणि त्यांची रचना अशी की प्रत्येक जण बाकीच्यांची प्रत. एक पडला तर दुसरा आहेच. पण सगळे एकमेकांना जोडलेले, म्हणून सगळे एकदमच गेले. वाचला तो एकच, आफ्रिकेत घानाच्या कार्यालयातला, आणि तो का वाचला, तर हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटला होता. तिथलं इंटरनेट इतकं मंद की माहिती पाठवता येईना. शेवटी एक कर्मचारी डिस्क घेऊन नायजेरियाच्या विमानतळावर गेला, तिथे दुसऱ्याने ती हातात घेतली आणि लंडनचं विमान पकडलं. त्या प्रतीवरून कंपनीने चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक पुन्हा उभे केले.

म्हणून बाहेरची डिस्क कायम लॅपटॉपला लावून ठेवू नका, एवढं माझं ऐका. खंडणी मागणारा व्हायरस आला तर जोडलेली डिस्कही तो कुलूपबंद करतो. विजेचा झटका आला तर दोघांना बसतो. लॅपटॉप चोरीला गेला तर त्याला लटकलेली डिस्कही जाते.

काकूंबरोबर रविवारी बसले. एका बऱ्यापैकी मिक्सरच्या किमतीत एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क आणली होती. ती लावल्यावर संगणकाने ९३१ जीबी दाखवलं, तर काकू म्हणाल्या, "दुकानदाराने कमी दिलं की काय?" नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या, इतकंच. एव्हाना लॅपटॉपमध्ये नवी एसएसडी बसवून झाली होती आणि फाइली परत आणल्या होत्या. कंट्रोल पॅनलमध्ये 'फाइल हिस्टरी' उघडून ती चालू करायची आणि ही डिस्क निवडायची. काकूंनी माउस स्वतः धरला, मी मुद्दाम हात लावला नाही. मुलाने किंवा दुकानातल्या पोराने लावून दिलेला बॅकअप पुढच्या वेळी कोणी घेत नाही, हे मी अनेक घरांत पाहिलंय. 'रन नाऊ' दाबलं आणि चहा होईतो थांबलो. फाइल हिस्टरीची मला आवडणारी गोष्ट अशी की ती जुन्या प्रती पुसत नाही. मंगळवारी चुकून चार पानं उडवून फाइल सेव्ह केलीत तरी रविवारची फाइल तशीच सापडते. मॅकवाल्यांना हेच काम टाइम मशीन करून देतं. काम संपलं की खाली उजवीकडे 'इजेक्ट' करायचं आणि मगच केबल उपसायची. डिस्क लावल्यावर कधी "फॉरमॅट करू का?" असं विचारलं तर घाईने हो म्हणू नका. जुनी भरलेली डिस्क क्षणात कोरी होते.

नव्या एसएसडीत तबकडी नाही, टकटक नाही. त्यामुळे लोक निर्धास्त होतात, पण ती जाते तेव्हा बहुतेकदा कुठलीही चाहूल न देता जाते. तिच्यावरून पुसलेलं परत मिळण्याची शक्यताही जवळजवळ नसते, कारण मोकळी झालेली जागा ती स्वतःच आतून साफ करत असते. आणखी एक गोष्ट नव्या लॅपटॉपवाल्यांनी आजच बघावी. विंडोज ११ च्या बऱ्याच यंत्रांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. मदरबोर्ड बिघडला आणि डिस्क दुसरीकडे लावायची वेळ आली तर ४८ आकडी किल्ली लागते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेली असते. कागदावर उतरवून घराच्या कागदपत्रांत ठेवा. खात्याचा पासवर्डच आठवत नसेल तर तिथूनच सुरुवात करा.

पण पूर आला तर? लॅपटॉप आणि डिस्क एकाच घरात. सांगलीत हा प्रश्न कोणाला समजावून सांगावा लागत नाही. काकूंची धाकटी बहीण जतला असते, तिथे पाण्यासाठी टँकर येतो पण पूर यायचा नाही. तेव्हा आणखी एका डिस्कवर प्रत घेतली. ती जतला राहील आणि काकू वर्षातून दोनदा जातात तेव्हा अदलाबदल होईल. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने रूढ केलेला एक हिशेब संगणकवाले सांगतात, तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. काकूंचा हिशेब त्यात बसला: लॅपटॉप, कपाटातली डिस्क, जतची डिस्क, आणि चारशे केबींची ती फाइल ईमेलवरही.

एक काम राहिलं होतं. घेतलेली प्रत खरोखर उघडते का, हे दुसऱ्या यंत्रावर पाहिल्याशिवाय मी कोणाला उठू देत नाही. कोरी निघालेली डिस्क, अर्ध्यावर थांबलेली नक्कल, चुकीचंच फोल्डर, सगळं मी पाहिलेलं आहे, आणि बहुतेकदा तेव्हाच, जेव्हा मूळ हातचं गेलेलं असतं. जतला जाणारी डिस्क माझ्या लॅपटॉपला लावली. तिच्यावरच्या फाँटच्या फाइली माझ्याकडे टाकल्या आणि ओव्यांची फाइल उघडली. या वेळी अक्षरं धड दिसली. काकू चष्मा सावरून वाचायला लागल्या. कवठेमहांकाळच्या एका आजींचं पान होतं. तिसऱ्या ओळीवर त्या थांबल्या. "इथे वेलांटी चुकलीय बघ," म्हणत त्यांचं बोट कीबोर्डवर गेलं.

मी त्यांचा हात धरला. "काकू, ही प्रत आहे. दुरुस्ती तुमच्या लॅपटॉपवरच्या फाइलीत करा, पुढच्या रविवारी ती कपाटातल्या डिस्कवर येईल."

त्यांनी ओळीचा नंबर हातावर बॉलपेनाने लिहून घेतला आणि पुढचं पान उघडायला सांगितलं.