रंगाखालचा गंज

दिवाळी सरली की दक्षिण गुजरातेत उसाचा हंगाम सुरू होतो आणि सुरत जिल्ह्यातील चलथाणच्या सहकारी साखर कारखान्याकडे उसाने लादलेल्या ट्रकांची रीघ लागते. ऊस तोडणारे मजूर खानदेशातून व डांगातून आलेले. आणि ऊस वाहणारी वाहने बहुधा दोन-तीन मालकांच्या हाताखालून गेलेली. नवा ट्रक घेण्याची ऐपत नसलेला होतकरू चालक कर्ज काढून असे वाहन घेतो, तेव्हा त्याच्या संसाराचीच नव्हे, तर रस्त्यावरील प्रत्येकाच्या जिवाची हमी त्या लोखंडावर अवलंबून असते. म्हणूनच जुन्या वाहनाची पारख हा केवळ खरेदी-विक्रीचा प्रश्न नाही, असे आम्हांस वाटते.

जुने तेवढे टाकाऊ, हे मत आम्हांस मान्य नाही. १९८६ साली बाजारात आलेल्या टाटा ४०७ सारख्या गाड्यांची जुनी इंजिने साधी होती. रस्त्याकडेचा मिस्त्रीही ती उघडून दुरुस्त करू शकतो. धूर कमी सोडणाऱ्या आजच्या नव्या गाडीचा दोष शोधण्यास मात्र संगणक लागतो. परंतु या साधेपणाचाच गैरफायदा घेतला जातो. ताजा रंग, नवे हूड व मागे फिरवलेला मीटर एवढ्यावर झिजलेले वाहन नवरीसारखे सजते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा तो प्रकार!

वाहनाचे वय वर्षांवरून वा मीटरवरून मोजू नये. त्याने कोणते ओझे, कोणत्या वाटेने वाहिले यावरून मोजावे. उसाच्या गाडीने शेतातल्या कच्च्या वाटेवर क्षमतेपलीकडचा भार ओढलेला असतो. तिच्या कमानींत वाढवलेले पाटे आणि चासीवर मारलेले वेल्डिंगचे जोड ती कथा सांगतात. आमच्या किनाऱ्यावर मासळीच्या गाडीतून गळणारे खारे पाणी चासीला आतून खाते. तेव्हा ग्राहकाने प्रथम गाडीखाली शिरावे, मग आसनावर बसावे. इंजिन सुरू करण्यापूर्वी त्यावर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री करावी. आधीच तापवलेले इंजिन आपले दोष लपवते. निळा धूर तेल जळत असल्याची खूण होय. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले असे समजावे. चासीवर ठोकलेला क्रमांक कागदांशी ताडून पाहावा.

कोणी म्हणेल, सरकारचे योग्यता प्रमाणपत्र असताना ही उठाठेव कशाला? १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मालवाहू वाहनास आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी हे प्रमाणपत्र नव्याने घ्यावे लागते. ते आवश्यकच आहे. परंतु त्या दिवशी ब्रेक लागले व दिवे पेटले, एवढीच त्याची ग्वाही. इंजिन आणखी किती हंगाम टिकेल, हे ते सांगत नाही.

विक्रेत्यानेही सावध असावे. पैसे घेऊन गाडी दिली, पण नोंदणी बदलली नाही, तर विकत घेतले श्राद्ध अशी गत होते. अपघाताच्या वेळी नोंदणीत ज्याचे नाव असेल तोच कायद्याने मालक व भरपाईस जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

मोडीत काढण्याचे धोरण १३ ऑगस्ट २०२१ रोजी गुजरातेतच जाहीर झाले. ते योग्य असले, तरी गरिबाच्या हाती नवे वाहन त्याने आपोआप येत नाही. तोवर सहकारी संस्थांनी पुढाकार घ्यावा. जी पतपेढी जुन्या वाहनास कर्ज देते, तिने स्वतंत्र मिस्त्रीचा लेखी अभिप्राय मागावा. जो कारखाना ऊस वाहण्याचा करार करतो, त्याने हंगामापूर्वी प्रत्येक गाडीची चासी, ब्रेक व टायर आपल्या आवारात तपासावेत. उसाचे वजन काटेकोरपणे मोजणाऱ्या काट्यांना हे जड जाऊ नये. सहकाराचा जन्म दुर्बलाला आधार देण्यासाठी झाला. त्याला फसवणुकीपासून वाचवणे हाही त्या आधाराचाच भाग आहे.