भाषणात नाव आलं, सातबाऱ्यावर कधी?



भातकापणी चालू असताना रेडिओवर बातमी आली. अमेरिकेत बराक ओबामा निवडून आला. ज्या देशात काळ्या माणसाला बाजारात उभं करून विकत होते, त्या देशाने काळ्या माणसाला सगळ्यात मोठ्या खुर्चीवर बसवलं. आम्हाला आनंद झाला. खोटं कशाला बोला?

4 नोव्हेंबर 2008 च्या रात्री शिकागो शहरात त्याने जिंकल्याचं भाषण केलं. आम्ही पेपर आणला आणि इंग्रजी येणाऱ्या साथीकडून ते वाचून घेतलं. भाषण चांगलं आहे. त्यात त्याने देशातल्या सगळ्या लोकांची नावं घेतली. काळे, गोरे, गरीब, श्रीमंत, आणि त्यातच तिथले मूळ आदिवासी. हे ऐकून आमच्यातला एक पोरगा म्हणाला, "बघा, आता आदिवासीचे दिवस आले."

त्या पोराला आणि त्याच्यासारख्या सगळ्यांना आमचं उत्तर आहे. भाषणात नाव येणं वेगळं, जमिनीच्या कागदावर नाव येणं वेगळं.

काही जण म्हणतील, अमेरिकेचं आपल्याला काय? जे तिथल्या आदिवासीचं झालं, ते ऐका, मग सांगा आपलं काय.

अमेरिकेत ब्लॅक हिल्स म्हणून डोंगर आहेत. लाकोटा आदिवासींचा तो देव. 1868 साली सरकारने त्यांच्याशी करार केला की हा मुलूख तुमचा, गोरा माणूस इथे वस्ती करणार नाही. 1874 ला डोंगरात सोनं सापडलं. 1877 ला कायदा करून डोंगर काढून घेतला. शंभर वर्षं ते लोक भांडले. 1980 ला तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं, डोंगर घेतला तर त्याची भरपाई द्या, व्याज धरून दहा कोटी डॉलरच्या वर. लाकोटांनी काय केलं? गरीब माणसं, तरी पैशाला हात लावला नाही. म्हणाले, डोंगर विकायला काढलाच नव्हता, डोंगर परत द्या. तो पैसा अजून पडून आहे आणि डोंगरही परत मिळालेला नाही.

त्याच डोंगरात खडक फोडून अमेरिकेच्या चार राष्ट्राध्यक्षांची तोंडं कोरली आहेत. त्यातलं एक लिंकनचं. ओबामाने जिंकल्याच्या भाषणात याच लिंकनची आठवण काढली. लिंकनने गुलामांना सोडवलं, ते खरंच. 1 जानेवारी 1863 ला त्याचा हुकूम निघाला. पण त्याच्या सहा दिवस आधी, 26 डिसेंबर 1862 ला, मॅनकॅटो गावात एकाच दिवशी 38 डकोटा आदिवासींना फाशी दिली. जमीन घेतली, ठरलेले पैसे वेळेवर दिले नाहीत, पोरं उपाशी राहिली, म्हणून ते उठले होते. 303 जणांना फाशी सांगितली होती. लिंकनने यादी तपासून बाकीच्यांना वगळलं, पण त्या 38 जणांच्या फाशीवर सही त्याचीच. एकाच माणसाच्या हातून एकाला सुटका मिळाली आणि आदिवासीला दोरखंड. चांगला माणूस निवडून आला की आपोआप आपलं चांगलं होतं, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

2008 च्या मे महिन्यात ओबामा मतं मागायला क्रो आदिवासींकडे गेला. त्यांनी त्याला आपल्यात घेतलं, नाव दिलं, देशभर लोकांना मदत करणारा असा त्याचा अर्थ. त्याने शब्द दिला की कचेरीत आदिवासी सल्लागार नेमीन, दरवर्षी पुढाऱ्यांची बैठक घेईन. वाचून आम्हाला हसू आलं. आपल्याकडेही पुढारी येतो तेव्हा तारपा वाजतो, आपण त्याच्या हातात तिरकमठा देतो, फोटो निघतो. नंतर तिरकमठा त्याच्या बंगल्यात भिंतीवर आणि आपण फॉरेस्टच्या नाक्यावर.

ओबामा खोटा आहे असं आम्ही म्हणत नाही. त्याला तेव्हा अजून खुर्चीवर बसायचं होतं. पण माप आम्ही आधीच ठरवून ठेवलं. 2007 साली युनोमध्ये जगातल्या आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा मतदानाला आला, तेव्हा विरोधात फक्त चार देश होते. त्यात अमेरिका एक. ते मत तो नवा राष्ट्राध्यक्ष बदलतो का, आणि ब्लॅक हिल्सबद्दल काय बोलतो, हे बघायचं ठरवलं. बाकी टाळ्या नंतर.

एक गोष्ट मात्र त्याने स्वतःच खरी सांगितली. तो म्हणाला, ही जीत म्हणजे बदल नाही, बदल करायची ही फक्त संधी आहे. आपल्याकडचा कुठला पुढारी गुलाल अंगावर असताना असं बोलला?

आपल्याकडे बोलण्याची कमी कधी नव्हती. वनहक्क कायद्यात सरकारने स्वतः लिहून दिलं की आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. 1 जानेवारी 2008 पासून नियम लागू आहेत. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून आपण कसत असलेली जमीन, चार हेक्टरपर्यंत, आपल्या नावावर व्हायला पाहिजे. दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कोणाला हुसकता येत नाही. असं सगळं कागदावर आहे. तरी अजून गार्ड येऊन दम देतो, आणि आपल्यातली काही माणसं वाट बघतात की साहेब येईल आणि पट्टा देईल.

साहेब येणार नाही. निवडणूक आली की मात्र मतं मागायला खूप जण येतील आणि जिंकल्यावर भाषणं करतील. त्याच्या आधी आपलं काम उरकायचं.

ओबामाच्या भाषणात 106 वर्षांच्या एका आजीची गोष्ट आहे. तिच्या डोळ्यांनी त्याने शंभर वर्षांचा इतिहास सांगितला. आपल्या पाड्यावर अशी आजी नाही काय? कोणत्या साली कोणती दळी कोणी फोडली, नाचणी-वरई कुठे पेरली, कोणाला किती दंड झाला, सगळं तिला पाठ आहे. कायद्याप्रमाणे दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब हा पुरावा आहे. तिच्याजवळ बसा, लिहून घ्या, अंगठा घ्या. त्याच्या जोडीला आणखी एक पुरावा लागतो. दंडाच्या जुन्या पावत्या मडक्यात, पेटीत असतील त्या काढा. ज्या पावतीने आपल्याला चोर ठरवलं, तीच आता आपली साक्षीदार.

ग्रामसभेला निदान निम्मी माणसं हजर पाहिजेत, नाहीतर ठराव कच्चा. वनहक्क समितीत तीनात एक बाई पाहिजे, आणि ती नावापुरती नाही, मोजणीला शेतात उभी पाहिजे. वैयक्तिक दाव्यावर थांबू नका. चराई, पाणी, मोहा, बांबू, डिंक यांचा सामूहिक दावाही भरा. दाव्याची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.

लाकोटांनी पैशाला हात लावला नाही, कारण आपलं काय आहे हे त्यांना माहीत होतं. आपणही ते विसरायचं नाही. ओबामाला आपल्याकडून शुभेच्छा. पण आपला सातबारा शिकागोत लिहिला जाणार नाही, मुंबईतही नाही. त्याची सुरुवात आपल्याच ग्रामसभेत होईल.

जोहार! जिंदाबाद!